लेकरू एकटं जेवत नाही

आई, मी थकलो आहे. घरात हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण बाकीची माणसं माझ्याहून जास्त थकलेली आहेत आणि त्यांच्यासमोर रिटायर्ड माणसानं थकल्याचं बोलणं शोभत नाही. तुझी सून अजून नोकरीत आहे. सकाळी साडेनऊला डबा घेऊन ऑफिसला जाते ती संध्याकाळी येते, आणि आल्या आल्या पदर खोचून ओट्याशी उभी राहते. तुझा नातू भोपाळला असतो, शनिवारी येतो, रविवारी परत जातो. नातसून इथेच राइट टाउनमधल्या एका शाळेत गणित शिकवते, ती साडेसातलाच स्कूटी काढते. आणि मी फॅक्टरीतून सुटल्यापासून घरी बसलो आहे, म्हणजे लोकांच्या हिशेबी बसलो आहे. खरं तर तुझी आठ महिन्यांची पणती मी सांभाळतो. सगळे गेले की दुपारपर्यंत घरात ती आणि मी. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा तू तिला पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या कपाळाची ठेवण तुझी आहे असं तुझी सून म्हणते. मला ते अजून नीट पाहता आलेलं नाही. गेला दीड महिना मला तिचं फक्त तोंड दिसत होतं, आणि तेही घट्ट मिटलेलं.

सहाव्या महिन्यात उष्टावण केलं. कमानिया गेटजवळच्या सराफाकडून चांदीचा चमचा आणला, तिच्या मामाला बोलावलं, पाटावर बसवून त्याच्या मांडीवर तिला दिलं आणि त्यानं खिरीचं बोट तिच्या ओठांना लावलं. तिनं ते असं काही चाटलं की सगळे खूश झाले. तुझा नातू म्हणाला, चलो, आता हिच्या खाण्याची काळजी मिटली. मीही मान डोलावली. साखर, वेलदोडा आणि आटवलेलं दूध कुणाला आवडणार नाही, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भाज्या सुरू करायच्या होत्या. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की एका वेळी एकच भाजी द्या, वाफवून, मऊ कुस्करून, ना मीठ ना साखर, आणि दोन-तीन दिवस तीच ठेवा म्हणजे काही बाधलं तर कळेल. एकदा थुंकली म्हणून ती भाजी सोडू नका, परत परत द्या, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी मनात हसलो. एवढ्याशा जिवाला भाजी चारायला एवढं काय शिकायचं, आपल्या घरात पोरं अशीच मोठी झाली, असं मला वाटलं. कशी झाली ते मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं, किंवा पाहिलं होतं आणि ध्यानात ठेवलं नव्हतं.

पहिल्यांदा कोहळं दिलं. तिनं जिभेनं बाहेर ढकललं. गाजर दिलं, ते तिनं माझ्या चष्म्यावर उडवलं. मटार कुस्करून गाळून दिला, त्याला तर तिनं तोंडसुद्धा उघडलं नाही. लौकी, म्हणजे आपला दुधी, दिला तेव्हा तिला अशी शिरशिरी आली की मीच घाबरलो. पनागरहून भाजीची गाडी घेऊन एक बाई आमच्या गल्लीत येते, ती मला लांबूनच विचारायला लागली, "बाबूजी, आज क्या थूका बिटिया ने?" गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं. मी रोज ताजी, कोवळी, नखानं टोचून पाहिलेली भाजी घ्यायचो, वाफवायचो, कुस्करायचो, आणि अर्ध्या तासानं वाटी जशीच्या तशी मोरीत रिकामी करायचो. वाटी तीच आहे, तुझं नाव घातलेली, तुझ्या नातवाच्या बारशाला तू दिलेली. तिच्यातून आजवर एवढं अन्न वाया गेलं नसेल.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यात नातसुनेची नोकरी अडकली होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती शाळेत परत जायला लागली. पोरगी बाटली धरत नाही, वाटी-चमच्यानं दूध पाजावं तर गुळण्या करते, आणि भाजी-वरण काही घेत नाही. सकाळी पाजून गेलेली आई थेट तीनला येणार, तोवर ती उपाशी रडते. मग नातसून मधल्या सुट्टीत स्कूटी हाणत घरी यायची, हेल्मेट काढायच्या आधी पोरीला घ्यायची, पाजायची आणि तशीच परत पळायची. रोज तिला परतायला उशीर व्हायचा. शाळेच्या मोठ्या बाईंनी आधी समजुतीनं सांगितलं, मग जरा कडक सांगितलं. एका संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, महिनाअखेरपर्यंत पाहते. नाही तर सोडून देते नोकरी. तुम्ही काही मनावर घेऊ नका." ती रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती वह्या तपासायला घेऊन बसली आणि मी तिथून उठलो. ही पोरगी गणित कशी शिकवते ते मी एकदा शेजारच्या मुलाला ती समजावून सांगत होती तेव्हा ऐकलं आहे. अशा माणसाला वाटीभर कोहळ्यापायी घरी बसावं लागणार, याचा मला राग येत होता, आणि राग काढायला समोर आठ महिन्यांची पोर होती.

तुझ्या सुनेनं त्या रात्री पोळ्या लाटता लाटता मला एकच सांगितलं. "माझी नोकरी आईंनी वाचवली. हिची तुम्ही वाचवा." एवढं बोलून ती पोळी उलटायला लागली. तिला वाटतं मी ठरवलं की काहीही करू शकतो. छत्तीस वर्षं मी फॅक्टरीत तपासणीच्या सेक्शनमध्ये काढली हे तुला ठाऊकच आहे. पुर्जा हातात घ्यायचा, मापात बसतो का पाहायचा, बसला तर पास, नाही तर लाल खडूची खूण करून बाजूला. नजर हटू द्यायची नाही. तेच मी पोरीच्या बाबतीत केलं. तुझ्या नातवानं तिच्यासाठी उंच खुर्ची आणून दिली आहे, समोर छोटं टेबल असलेली. बरोबर साडेअकराला मी तिला त्या खुर्चीत बसवायचो, पट्टा लावायचो, गळ्यात लाळेरं बांधायचो आणि समोर स्टूल ओढून तिच्या तोंडाकडे टक लावून बसायचो. ओठ जरा उघडले की चमचा आत. सांडलं की पुसलं. गिळलं का, थुंकलं का, किती गेलं, सगळं पाहायचं. ती पहिल्या चमच्याला मान फिरवायची, मी स्टूल फिरवून तिकडे जायचो. मग ती डोळे मिटून घ्यायची. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

एक दिवस मी कोहळ्यात केळं कालवलं, तर तिनं चार चमचे खाल्ले. मला एवढा आनंद झाला की मी नातसुनेला शाळेत फोन लावला. दुसऱ्या दिवशी केळं कमी केलं, तर तिनं पहिल्याच चमच्याला ओळखलं. तिसऱ्या दिवशी तिनं केळंसुद्धा नाकारलं, कारण आता तिचा केळ्यावरचाही भरवसा उडाला होता. मोबाईल लावून पाहिला, तर ती मोबाईल पाहत राहिली आणि तोंड तेवढं बंद. रविवारी तुझ्या सुनेनं दारातून माझा हा सगळा कारभार पाहिला. म्हणाली, "अहो, काहून असं तिच्या तोंडाकडे पाहून राहिले? पुर्जा आहे का ती?" मी चिडलो. म्हटलं, मग तू चार. तिनं चमचा घेतला, पोरीनं तिलाही मान फिरवून दाखवली, तेव्हा मला बरं वाटलं, खोटं का सांगू. मग आम्ही दोघं तुझ्याबद्दल बोललो. मी विचारलं, आई आपल्या पोराला कशी चारायची? तर ती म्हणाली, मला काय माहीत, मी साडेनऊला निघून जायची. संध्याकाळी विचारलं की यानं काय खाल्लं, तर आई रोज एकच सांगायच्या, आम्ही दोघं जेवलो. तो जेवला, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर मी तुला आठवायला बसलो. तुझ्या नातवाच्या वेळेचं मला काही आठवेना, मी तेव्हा ड्यूटीवर असायचो. पण बहिणीच्या वेळचं आठवलं, कारण माझी शाळा सकाळची होती आणि अकराच्या सुमारास मी घरी यायचो. फॅक्टरीच्या क्वार्टरचं ते अंधारं स्वयंपाकघर, शेगडीची ऊब, खिडकीच्या गजांत अडकवलेली चाळणी. बाबा फॅक्टरीच्या जेवणाच्या सुट्टीत सायकलवर घरी येत. भोंगा झाला की तू तवा टाकायचीस. आधी बाबा जेवत, मग आजी, मग आम्ही पोरं, आणि सगळ्यांचं आवरून, भांडी बाहेर काढून, तीनच्या सुमारास तू कढईतलं उरलेलं पुसून घेत एकटी जेवायचीस. आजीचा तसा नियमच होता, आणि आजीच्या नियमाला बाबासुद्धा काही म्हणत नसत. पण बहीण सहा-सात महिन्यांची झाली तसं हे सगळं बदललं. मी शाळेतून येतो तेव्हा तू पाटावर बसलेली आहेस. डाव्या मांडीवर बहीण, पुढ्यात तुझं ताट. ताटात वाफाळती पोळी, बिनफोडणीचं वरण, आणि एका कडेला मीठ-तिखट पडायच्या आधी काढून ठेवलेली भाजी. बाबा यायला अजून तास आहे आणि तू जेवते आहेस.

आजी पहिल्या दिवशी दारात येऊन उभी राहिली होती, ते मला पक्कं आठवतं. घरधन्याच्या आधी सून ताटावर बसली म्हणजे काय. ती काही बोलायच्या आत तू मान वर न करता म्हणालीस, "काय करू आत्याबाई, लेकरू एकटं जेवत नाही. संग बसावं लागते." तू सासूला आत्याबाई म्हणायचीस. लेकराचं नाव निघाल्यावर आजी पुटपुटत परत गेली. आणि तू जेवत राहिलीस. बहिणीला तू चारत नव्हतीसच. तू आपली जेवत होतीस, मचमच आवाज करत, चवीनं, आणि ती तुझ्या हाताबरोबर मान वर-खाली करत होती. मग तिनं ताटात हात घातला, दोडक्याची फोड उचलली, ती तिच्या गालाला, नाकाला लागून कशीबशी तोंडात गेली. तू पाहिलंसुद्धा नाहीस. तुझं सगळं लक्ष तुझ्या घासात होतं.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला हे पाहायला फार गंमत वाटायची. मी बहिणीच्या समोर उकिडवा बसून तिच्या तोंडाकडे एकटक पाहत राहायचो. एकदा तू फटकारलंस. "काहून तिच्या तोंडाकडे पाहून राहिला रे? जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये. आपलं ताट घे अन् आपलं जेव." मी तोंड पाडून उठलो. मला वाटलं माझी नजर लागेल म्हणून तू बोललीस. आपल्याकडे सगळेच तसं मानायचे, आजी तर बहिणीवरून रोज मीठ-मोहऱ्या उतरून शेगडीत टाकायची. पुढे मी शिकलो, फॅक्टरीत लागलो, दृष्ट-बिष्ट सगळं थोतांड आहे असं चारचौघांत बोलायला लागलो, आणि तुझं ते बोलणंही त्याच गाठोड्यात बांधून टाकलं. इतकी वर्षं मी जेवणाऱ्याच्या तोंडाकडे खुशाल पाहत आलो. त्या रविवारीसुद्धा मला ते आठवलं आणि मी म्हटलं, हं, नजर लागते म्हणे.

मग गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळपासून पोरगी किरकिर करत होती, तिला खालचा दात येऊन राहिला आहे. मी लौकी वाफवली, कुस्करली, तिला खुर्चीत बसवलं, आणि तिनं हाताच्या एका फटक्यात वाटी उडवली. लौकी भिंतीला लागली, माझ्या शर्टाला लागली. तिला उचलून सतरंजीवर ठेवलं. डायबिटीसची गोळी घेऊन बराच वेळ झाला होता, आता खाणं भाग होतं, म्हणून मी आपलं ताट वाढून घेतलं. एरवी मी ताट घेतच नाही. फॅक्टरीत होतो तेव्हा आम्ही सेक्शनचे सहा-सात जण डबे एकत्र उघडायचो, कुणाची भाजी कुणाच्या पोळीवर ते कळायचं नाही. घरी बसल्यापासून मी ओट्याशी उभ्या उभ्या कढईतूनच दोन घास खातो आणि झालं म्हणतो. त्या दिवशी उभं राहवेना म्हणून खाली बसलो, पोरीच्या सतरंजीच्या कडेला, तिच्याकडे जवळजवळ पाठ करून. रागच आला होता मला. म्हटलं, नाही खायचं ना, नको खाऊ, मी तर खातो. लौकीचीच भाजी होती, चण्याची डाळ घातलेली. माझ्या बीपीमुळे तुझी सून सगळंच अळणी करते, मिरची नावापुरती.

चार घास झाले असतील, पायजमा ओढल्यासारखा वाटला. ती रांगत आली होती, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. मी जेवत राहिलो. मग ताटात एक हात आला. एवढासा, बोटांत सतरंजीचा धागा अडकलेला. त्यानं लौकीची फोड मुठीत धरली, ती चेंगरून बोटांतून बाहेर आली, आणि हात वर गेला. माझी मान आपोआप तिकडे वळायला लागली. किती गेलं, थुंकलं का, गिळलं का. आणि आई, तेव्हा मला तुझा आवाज आला असं मी म्हणणार नाही, तसलं काही होत नाही. पण मान वळता वळता थांबली. मी माझ्या ताटात पाहिलं. पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, चावली, जरा मचमच केली. बाजूनं तसाच मचमच आवाज आला. मग तो हात परत ताटात आला. मी काही पाहिलं नाही. मी जेवलो. एवढं कठीण काम मी फॅक्टरीतसुद्धा केलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी फोडणीच्या आधीच वाफवलेल्या फोडी माझ्यासाठी आणि तिच्यासाठी एकाच ताटात काढायला लागलो, अगदी मऊ, बोटानं दाबली की चेपली जाईल अशा. बिनमिठाची लौकी, बिनमिठाचं गाजर, बिनमिठाचं कोहळं. तिला जे द्यायचं तेच मी खातो, नाही तर ती माझ्याच वाट्याचं उचलते. खुर्ची गॅलरीत ठेवली आहे, तिच्यावर कपडे वाळतात. गुडघे दुखतात, खाली बसलं की उठायला भिंत धरावी लागते. सगळं काही ती खाते असंही नाही. मटार अजून थुंकते. कधी दोन फोडी, कधी पाच, आणि निम्मं सतरंजी खाते. पण तोंड मिटून घेत नाही. तिला आता माझ्यापासून लपायचं कारण नाही, कारण मी तिच्याकडे पाहत नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत नातसून नेहमीसारखी पळत आली. आम्ही दोघं खाली बसलो होतो. पोरीच्या केसांत कोहळं, हनुवटीला वरण, हातात गाजराचा तुकडा, आणि रडणं नाही. ती दारातच हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. पोरीनं आईकडे पाहिलं, हसली, आणि परत ताटात हात घातला. "बाबा, हे कसं झालं? काय केलं तुम्ही?" मी म्हटलं, "काही नाही केलं. मी जेवून राहिलो होतो." तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग ती खाली बसली, हात न धुताच तिनं ताटातली गाजराची एक फोड उचलली आणि तोंडात टाकली, आणि तिचं तोंड वाकडं झालं, कारण बिनमिठाचं गाजर ते. आम्ही तिघं जेवत बसलो. जरा वेळानं घड्याळाकडे पाहून ती उठली. पोरीला पाजायचं राहिलंच आणि पोरीनं मागितलंही नाही. जिन्याशी पोचून ती परत फिरली आणि म्हणाली, "बाबा, सोमवारपासून मी मधात नाही येत." खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला, रोजच्यासारखा हाणल्याचा नव्हे, आरामात गेली. माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात उचलला तर हाताला कोहळं लागलेलं.

त्या दुपारी पोरगी झोपल्यावर मला एक गोष्ट आठवली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. बहीण दोन वर्षांची झाली, आमच्याबरोबर पंगतीला बसायला लागली, तेव्हा तुझं अकराचं ताट बंद व्हायला हवं होतं. आजी तर त्याच दिवसाची वाट पाहत होती. पण मग शेजारच्या बंगाली काकूंचा पोरगा आला. तो घरी काही खात नाही, तुमच्याकडे बसवा, असं काकू म्हणाल्या म्हणे. तो मासळीच्या घरचा पोरगा आपल्याकडे पालकाचं पातळ वरण चोखायला शिकला. तो मोठा झाला तर मागच्या लाइनीतल्या एका पंजाबी बाईंची मुलगी आली. मग आणखी कुणीतरी. आजी म्हणायची, आपले झाले, आता क्वार्टरभरचे कशाला. तू तेच उत्तर द्यायचीस. लेकरू एकटं जेवत नाही. सगळ्या लाइनीत तुझं नाव झालं होतं, काकूंच्या हाताला गुण आहे, काकूंच्या मांडीवर पोरं भाजी खातात. मलाही तसंच वाटायचं. त्या बायकांनी तुझ्याकडे पोरं आणून सोडली की तू जाऊन मागून आणलीस, ते मी कधी विचारलं नाही. आता मला वाटतं तू मागून आणत होतीस. शेवटी गार उरलंसुरलं खाण्याऐवजी गरम पोळी मिळावी म्हणून, असं मला आधी वाटलं. पण पुढे आजी गेली, नियम गेला, तुला कुणी अडवणारं राहिलं नाही, वाटेल तेव्हा गरम जेवता आलं असतं, तरी तू तुझ्या सुनेला रोज सांगायचीस, आम्ही दोघं जेवलो. म्हणजे गोष्ट नुसत्या पोळीची नव्हती. सगळ्यांना वाढून झाल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीनं जेवणं तुला जड जात होतं, आणि ते सांगायची या घरात सोय नव्हती.

हा कागद कुठं जायचा नाही. पोरगी आता कूस बदलते आहे, उठेल, आणि उठली की पहिला हात यालाच घालेल. आजकाल ती जे दिसेल ते चाखून पाहते, हेही चाखेल. त्याच्या आधी एक सांगून टाकतो. वर्ष-दीड वर्षात ही पोरगी बाकीच्या पोरांत जायला लागेल, डबा घेऊन जाईल, आणि साडेअकराला मी पुन्हा ओट्याशी उभा असेन. खालच्या मजल्यावर एक बाळ आहे, पाचव्या महिन्यातलं. काल जिन्यात त्याची आई भेटली तेव्हा मी आपणहोऊन म्हटलं, याला खायला सुरू केलं की माझ्याकडे सोडत जा. ती संकोचली. म्हणाली, "अरे अंकलजी, आप क्यों तकलीफ उठाएँगे?" मी म्हटलं, तकलीफ कसली, बच्चे अकेले नहीं खाते. पोरांचंच नाव सांगितलं, आई, तुझ्यासारखं. माझं मधे येऊ दिलं नाही.